हातभर इकडे

हे मी लिहिणारच नव्हते. भागीरथीबाई स्वतःच म्हणाली होती, "मनावर काय लिखस व माय, मी काय मोठी लागी गई?" माझ्यावर काय लिहितेस, म्हणे. आणि मलाही वाटलं, राहू दे, लोक वाचणार, अरेरे म्हणणार आणि पान उलटणार. पण गेल्या रविवारी तिला असा खोकला लागला की खाटेची दोरी मुठीत धरून ती वाकली ती उठेचना, आणि तरी डोळे दाराबाहेर, समोरच्या लग्नाच्या लॉनवर. तेव्हा मला भीती वाटली. म्हणून लिहिते, जसं येतंय तसं. त्या लॉनचं, म्हणजे पार्टी प्लॉटचं, नाव लिहीत नाही. तिथल्या शेठला मराठी वाचता येत नाही, पण त्याला वाचून दाखवणारे आपल्यातच भरपूर आहेत.

तर सुरतेजवळ, कामरेजच्या पुढे, हायवेपासून थोडं आत, मगनशेठचं उसाचं शेत होतं. कोपऱ्यात बोअरची खोली, तिला चिकटून पत्र्याची एक खोली, आणि त्या पत्र्याच्या खोलीत लोटू आणि भागीरथी. पारोळ्याकडची माणसं. आधी सुरतेत उधन्याला होती. लोटू लूमवर, ती घरी बसून सुताच्या कांड्या भरायची. लग्नाला कितीतरी वर्षं होऊनही मूल नाही, आणि सासू गावाहून आली की त्या एवढ्याशा खोलीत बसून, शेजारच्या बायकांना बरोबर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "लूमवर तरी कापड निघस, मना पोऱ्याना घरमा काहीच निघत नही." बायका खुदखुदायच्या. भागीरथी मान खाली घालून कांडी फिरवत राहायची.

मग लूमचं खातं, म्हणजे कारखानाच, बंद पडलं. लोटूला मगनशेठच्या शेतावर काम लागलं. आणि इथे आल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, चंचल झाली.

त्यांच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. मूल नसलं की नुसतं "ओ, आयकस का?" एवढंच. इतकी वर्षं भागीरथी नुसती "ओ" होती. चंचल झाली त्या आठवड्यात लोटू बांधावरून ओरडला, "चंचलनी माय, पानी आन!" आणि ती पाणी घेऊन निघाली ती मधेच थांबली, आणि उगाच परत खोलीत गेली, म्हणजे त्यानं अजून एकदा ओरडावं. तो ओरडला. ती सांगते तेव्हा अजून हसते ह्यावर. बाकी कशावर हसत नाही.

चंचल दीड वर्षाची असताना सुरतेत प्लेग आला. चौऱ्याण्णव साल, गणपती नुकतेच बुडवले होते. तुमच्या घरच्यांना विचारा, त्या दिवसांत माणसं कशी पळाली ते. शेठनं बायकामुलांना गाडीत घातलं आणि निघाला सौराष्ट्रात भावाकडे. जाताना काचेतून लोटूला म्हणाला, "भेंसो छे, बोर छे, तुं रहेजे." म्हशी आहेत, बोअर आहे, तू राहा. म्हशीसाठी माणूस मागे ठेवला आणि काच वर केली.

आणि त्याच दिवसांत चंचलला ताप भरला. प्लेग नव्हता हो. साधा ताप आणि जुलाब, दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या पोराला होतात तसे. पण फाट्यावरचा डॉक्टर कुलूप लावून गेला होता. भागीरथीनं पोरीला पदरात गुंडाळलं आणि हायवेवर उभी राहिली. एक टेम्पो थांबला, माणसांनी गच्च भरलेला, तिला वर ओढून पण घेतलं. मग एका बाईचा हात चंचलच्या कपाळाला लागला. "अरे, ह्या पोरीले ताप शे!" म्हणजे आपल्याच भाषेतली बाई होती! टेम्पोत एकच गलका झाला. तोंडाला पदर बांधलेल्या बायकांनी भागीरथीला कोपरांनी रेटत रेटत मागच्या फळीपर्यंत आणलं, एकीनं तर पायानं ढकललं, कारण हात लावायची भीती. टेम्पो थांबला नाही, नुसता हळू झाला. ती कशी उतरली, पडली की उडी मारली, ते तिलाच आठवत नाही. गुडघा फुटला. पोर वर धरलेली होती.

संध्याकाळपर्यंत चंचल गेली. मांडीवरच.

लोटूनं दाराला आतून कडी लावली. म्हणाला, "रडू नको. आवाज काढू नको. कोनले समजनं तं प्लेगनी पोर म्हनतीन. आपल्याले कोंडतीन, आनि तिले कोठे लई जातीन ते बी समजाव नही."

एवढ्या लहान पोराला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला पुरुषच जातात, आईला जाऊ देत नाहीत, तिनं दारातच बसायचं असतं. पण पुरुष होताच कोण? एक लोटू. मग फावडं त्यानं घेतलं आणि पोर तिनं. उसात शिरले. ऊस डोक्यावरून दोन हात उंच, आत कोण आहे कुणाला दिसणार. आतमध्ये एका जागी ऊस विरळ होता, तिथे लोटूनं खड्डा केला. तो खड्ड्यात उभा राहिला तेव्हा काठ त्याच्या मांडीला लागत होता. हे तिनं पाहून ठेवलं. डब्यात होतं तेवढं खडेमीठ घातलं, माती लोटली, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वरून एक सपाट दगड दाबला, दगडावर परत माती. बोअरच्या खोलीचा कोपरा आणि पलीकडच्या बांधावरचं ताडीचं झाड, ह्या दोन्हींच्या सरळ रेषेत. हेही तिनं पाहून ठेवलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती उसात जायची आणि अंगावरचं दूध तिथे मातीत पिळून यायची. दुसरं करणार काय? येतच होतं ते.

शेठ परत आल्यावर लोटूनं सांगितलं, पोर गावाकडे वारली, बोरी नदीच्या काठावर पुरली. शेठ म्हणाला, "हशे, भगवाननी मरजी," असेल, देवाची मर्जी, आणि म्हशी किती दूध देतायत ते विचारलं.

उसाचं एक बरं असतं. एकदा लावला की कापून परत खोडवा ठेवतात, तीच खोडं पुन्हा फुटतात, वर्ष-दोन वर्षं जमिनीला नांगर लागत नाही. म्हणून चंचल तिथेच राहिली, निवांत. मूल परत झालं नाही. पण लोटूची हाक तीच, "चंचलनी माय." त्या एका हाकेवर भागीरथी जगत होती म्हणा ना.

सत्त्याण्णव साली होळीच्या सुमाराला शेवटचा ऊस तुटला आणि मगनशेठ एका नव्या माणसाला घेऊन आला. बन्सीलाल. लॉनचा कॉन्ट्रॅक्टर. पांढरे बूट घालून शेतात आला होता. शेठनं हात फिरवून दाखवलं, इथे गेट, इथे स्टेज, इथे जेवणं. हायवेला सगळीकडे पार्टी प्लॉट निघत होते, लोक लग्नं घराच्या गल्लीत करायची सोडून हिरवळीवर करायला लागले होते. शेठलाही पार्टी प्लॉट पाहिजे होता. कंपाउंडची भिंत आधीच घातलेली, आतून कडेनं अशोकाची झाडं लावलेली. मोठा ट्रॅक्टर आत वळणार नाही म्हणून शेठनं छोटा लाल ट्रॅक्टर आणला होता, खेळण्यातला वाटावा असा, आणि तो चालवायचा होता लोटूनं.

भागीरथी बांधावर उभी राहून ऐकत होती. बन्सीलाल म्हणत होता, "शेठ, उसाची जमीन म्हणजे उंटाची पाठ. सगळ्या सऱ्या मोडायच्या, खोडक्या उपटायच्या, नांगरायचं, ढेकळं फोडायची, फळी मारायची. गवताला जमीन कशी पाहिजे? कॅरमबोर्ड!" शेठ हसला. 

चुलीपाशी तिनं लोटूला त्या जागेबद्दल विचारलं, "आनि तठे?"

लोटू भाकर मोडत होता. "तठे काय?"

"तठे नांगर नको."

"मंग काय सांगू शेठले? मनी पोर शे आठे, लगीनघर दुसरीकडे बांध?"

"सांगू नका. तिच्यावर आलात का दांडा वर करा. लिफ्ट शे ना ट्रॅक्टरले? मी उभी राहसू तठे. मी दिसनू का वर करा."

लोटूनं मोडलेली भाकर तशीच ताटात ठेवली. मग म्हणाला, "बरं, चंचलनी माय."

आणि तसंच केलं त्यांनी. आधी पाचट पेटवलं, मग भागीरथी आणि आणखी मजुरणी खोडक्या वेचायला लागल्या. बाकीच्या बायका रांगेनं पुढे जायच्या, ही तिथेच घुटमळायची, बोअरचा कोपरा आणि ताडी ह्यांच्या रेषेत. लाल ट्रॅक्टर वरंब्यांवरून डुगडुगत यायचा, मागे नांगर माती फाडत यायचा, लोटूचं अंग सीटवर वरखाली उडायचं. तो जवळ आला की ती बाजूला व्हायची, लोटू दांडा ओढायचा, नांगर मातीतून बाहेर यायचा, तेवढी जागा ओलांडायचा, आणि परत खाली. बघणाऱ्याला वाटलं असतं बाईला वाचवतोय. बन्सीलालला तसंच वाटलं. ओरडला, "ए बाई! ट्रॅक्टरखाली जाऊन मरायचंय का? घरी नवरा कमी त्रास देतो काय?" मजुरणी हसल्या. भागीरथी पण हसली, खोटं खोटं. आनंदच झाला होता तिला! आडवी नांगरट झाली, उभी झाली, मग ढेकळं फोडायचं यंत्र फिरलं, प्रत्येक वेळी तेच. मग फळी मारून सगळीकडची भुसभुशीत माती सारखी केली, त्या जागेवरही वरून बोटभर माती सरकली. सगळं सपाट. काहीच कळत नव्हतं.

आता ह्यात चूक काय झाली ते बघा. दोघंही शेतातली माणसं. पण उसातली, कपाशीतली. तिथे एवढीशी जागा बिननांगरलेली राहिली तर कुणाच्या बापाला कळत नाही, पीक वर आलं की झाकलं. लॉन त्यांनी कधी केलेलं नव्हतं. बन्सीलालनं सपाट केलेल्या जमिनीवर भरपूर पाणी सोडायला लावलं, म्हणजे दडलेलं तण उगवून येतं आणि माती बसते. आणि माती बसली. नांगरलेली होती ती सगळी बसली, चांगली वीतभर खाली गेली. नांगरलेली नव्हती ती कशी बसणार? पाणी आटल्यावर सकाळी भागीरथी चूळ भरायला दाराबाहेर आली आणि तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. सगळं शेत खाली आणि मधोमध, पालथी परात ठेवावी तसा, एक उंचवटा. लांबट. दीड वर्षाच्या पोरीएवढा.

ते तिला वाचवायला गेले आणि बोट दाखवल्यासारखं दाखवून दिलं!

लोटूनं फावडं घेतलं, पण तोवर गाडी गेटातून आत आली होती. शेठ उतरला, चालत चालत तिथेच गेला. दिसणारच की, दुसरं होतं काय बघायला.

"आ टेकरो क्यांथी आव्यो?" हा उंचवटा कुठून आला?

बन्सीलालनं बुटानं टोकरलं. "नांगरलंच नाही इथे. बघा ना, खालची जमीन कडक आहे. ए लोटू! झोपला होता काय?"

"अने अहींया ज स्टेज आवशे," शेठ म्हणाला. इथेच स्टेज येणार. "वर-कन्या टेकरावर बसतील का? चल, ट्रॅक्टर काढ. माझ्यासमोर मार."

लोटू ट्रॅक्टरकडे गेला. भागीरथी त्याच्याकडे बघत होती. तो तिच्याकडे बघेना. ट्रॅक्टर सुरू झाला, वळला, यायला लागला. भागीरथी जाऊन त्या उंचवट्यावर उभी राहिली. ह्या वेळी बाजूला झाली नाही.

"ए, हट!" बन्सीलाल.

ती हटली नाही. चप्पल काढून ठेवली होती तिनं कडेला, देवळाबाहेर ठेवतात तशी. म्हणाली, "शेठ, आठे नको. तुमना पाया पडस. आठे मनी पोर शे."

शेठला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याचा चेहरा असा झाला म्हणे, की जणू ताटात काहीतरी निघालं. चार पावलं मागे सरकला. "पोर? अहींया? मेलेली? माझ्या जमिनीत?" मग हिशेब लागला असावा डोक्यात, कारण आवाज एकदम बारीक झाला. "क्यारे? प्लेगमां?" कधी? प्लेगात?

मजूर सगळे थांबले होते. प्लेग म्हटल्यावर दोन बायकांनी पदर तोंडाला लावला. परत तेच पदर!

शेठ म्हणाला, "लग्न लागणार इथे. लोक जेवणार इथे. काढ. खोद आणि काढ, तापीत टाक, काय करायचं ते कर, आज ने आज." आणि लोटूकडे वळला. "बोल! साचुं छे?" खरं आहे हे?

ट्रॅक्टर धडधडत होता. लोटू खाली उतरला. भागीरथीला वाटलं, आता हा माझ्याशेजारी येऊन उभा राहणार. तो आला. आणि त्यानं तिच्या कानाखाली अशी लावली की ती त्या उंचवट्यावरून खाली बसली.

"कुछ नहीं है शेठ," तो म्हणाला. "दिमाग सटक गया है इसका. लडकी गाँव में मरी, नदी के पास गाड दी, मैंने खुद गाड दी. तब से ये ऐसीच है. जिधर उठी उधर बोलती, मेरी लडकी है, मेरी लडकी है."

शेठनं श्वास सोडला. बन्सीलाल तर खो खो हसला. "मग हिला मंडपात नको सोडू रे, नवरीलाच माझी पोर म्हणायची!"

आणि सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. पदर तोंडावरून खाली आले.

भागीरथी म्हणाली, "खोटं बोली राहिना तो." मग ओरडली, "चंचलना बाप, सांगा ना!" त्यावर अजून हशा. दोन मजुरणींनी तिला दंडाला धरून बाजूला ओढली. लोटू सीटवर चढला आणि नांगर खाली टाकला.

ती सांगते, पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसऱ्या फेरीला खण्ण आवाज आला. दगड. तोच. ट्रॅक्टर जागेवर उडाला. बन्सीलाल म्हणाला, "हे घ्या! दगड होता, म्हणून उंच राहिलं. उगाच भुताची गोष्ट!" लोटू उतरला, दोन्ही हातांनी माती बाजूला केली, दगड उचलून छातीशी धरून बाहेर आणला. बन्सीलालला दगड आवडला. "छान सपाट आहे, तिकडे नळापाशी टाक, पाय धुवायला होईल." आणि लोटूनं टाकला.

मग पुन्हा फळी, पुन्हा पाणी, सगळं बसलं. कॅरमबोर्ड. बन्सीलालनं टेम्पोभर गवत आणलं, ओल्या पोत्यांत गुंडाळलेलं, आणि मजुरणींनी बोटाबोटाच्या अंतरावर त्याची मुळं खोचली. भागीरथीला त्या कामाला घेतलं नाही. वेडीच्या हातानं गवत लागत नाही, असं बन्सीलाल म्हणाला.

संध्याकाळी लोटू चुलीपाशी येऊन बसला. म्हणाला, "आयक. मी हो म्हनतू तं ते खोदतीन. पार तळ लागस तवर. ट्रॅक्टरना नांगर कितला खोल जास? मना कोपरापर्यंत. ती मांडीपर्यंत शे. दगड निघना, पन तिले काही लागनं नही. मी डोकं लाई बोलनू, चंचलनी माय."

भागीरथीनं तव्यावरची भाकर उलटली. "चंचल तं गावले शे," ती म्हणाली. "नदीवर. तुम्हीच सांगं ना सगळासले? मंग आठे मी कोननी माय?"

त्यानंतर लोटूनं परत "ओ" म्हणायला सुरुवात केली. म्हणजे ती हाकही गेली.

मला विचाराल तर लोटूचं बरोबर होतं की चूक, मला नाही सांगता येत. भांडायला जावं तर त्यानं पोरीची जागा वाचवली. पाया पडायला जावं तर ती थप्पड आठवते. भागीरथीला मात्र एक कळत होतं, की तिनं आता "वेडी" म्हणूनच राहायला पाहिजे. शहाणी ठरली तर पोर खरी ठरेल, आणि पोर खरी ठरली की फावडं येईल. म्हणून ती राहिली वेडी. मजुरणींची पोरं तिला "पागल माय" म्हणून खडे मारतात. ती दात काढून हसते. मी बघितलंय ते हसणं. बघवत नाही.

दिवाळीनंतर पहिलं लग्न लागलं. गवत असं आलं होतं की शेठ लोकांना बूट काढून चालायला लावत होता. लोटू शेठबरोबर बाजाराला गेला होता. भागीरथी खोलीत भांडी घासत होती आणि तिला घणाचा आवाज आला. ठण. ठण. ठण.

मंडपाच्या खुंट्या. आपल्या गल्लीतल्या मांडवासारखे बांबू नव्हेत, ह्या मोठ्या मंडपाला चारी बाजूंनी दोर ताणतात आणि ते दोर लोखंडी खुंट्यांना बांधतात. एकेक खुंटी पुरुषाच्या कमरेएवढी लांब. आणि जवळजवळ सगळी जमिनीत घालतात, वाऱ्यानं मंडप उडू नये म्हणून. स्टेजच्या मागची खुंटी बोअरचा कोपरा आणि ताडी ह्यांच्या रेषेत होती.

नांगराचं माप लोटूनं काढलं होतं. खुंटीचं कुणी काढलं नव्हतं.

ती धावली. राखेचे हात तसेच. पोचली तेव्हा खुंटीचं फक्त डोकं वर राहिलं होतं आणि घण मारणारा माणूस कपाळ पुसत होता. भगवान त्याचं नाव. उधन्याचा, आपल्याच भागातला. तिनं खुंटीला हात घातला, तर ती हलेना. भगवान म्हणाला, "काय व बाई, तुना बापनी जमीन शे का? सोड, दोर बांधू दे."

ती तिथेच बसली. लग्न लागलं, अक्षता पडल्या, बॅन्ड वाजला, लोकांनी आइस्क्रीम खाल्लं, पाहुणे नळावर त्या सपाट दगडावर उभे राहून पाय धुऊन आले, आणि ती स्टेजच्या मागे कनातीच्या आड खुंटीवर पालथा हात ठेवून बसलेली. कुणीतरी तिला भिकारीण समजून पत्रावळीवर जिलेबी आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी भगवाननं खुंटी उपटली. भोक राहिलं, मनगटाएवढं, काळं. तिनं त्यात वाकून बघितलं नाही. हातानं माती चुरून चुरून घातली, भरेपर्यंत. दूध घालावंसं वाटलं तिला. आता कुठलं दूध.

लोटूला तिनं सांगितलं, एवढंच. "खुंटी मारी त्यासनी. तठेच." लोटू खाली बसला. "मंडप मना ध्यानमाच उना नही," म्हणाला. त्या दिवसापासून तो लॉनवर पाय ठेवत नाही. गवत कापायचं यंत्र चालवायला शेठनं दुसरा माणूस ठेवला. लोटू गेटपासून खोलीपर्यंत भिंतीच्या कडेकडेनं, अशोकाला खांदा घासत येतो, पाऊस असला तरी. शेठला वाटतं गवताला जपतो. खूश आहे त्याच्यावर.

आणि भागीरथी? मंडपाचा टेम्पो गेटात शिरला की ती उठते. अंगात ताप असो, खोकला असो. जाऊन त्या जागी उभी राहते, चप्पल कडेला काढून. भगवान खुंटी आणतो. ती म्हणते, "हातभर इकडे."

"ऊनी पागल माय," तो म्हणतो. "दर खेपले मना डोकाले ताप. आज नही सरकावस जाय."

"हातभर इकडे, भाऊ."

"काय शे तठे, सोनं गाडं का?"

"काही नही. हातभर इकडे."

मग तो शिव्या घालत खुंटी हातभर सरकवतो. दया येऊन नाही हं. लग्नाच्या मंडपात वेडी बाई रडायला लागली तर अपशकुन होतो, शेठ त्याचा करार तोडेल, म्हणून. पण सरकवतो. तिला तेवढंच पुरे असतं. एकदा ती माहेरी भावाच्या तेराव्यालासुद्धा गेली नाही, कारण लग्नाची तिथी होती. भाऊबंदांनी तिचं नाव टाकलं. टाकू दे, म्हणते.

गेल्या रविवारी तो खोकला थांबल्यावर तिनं तोंड पुसलं, पदर बघितला, घडी घालून लपवला. मी तो लाल डाग बघितला होता. ती म्हणाली, "मी गई का कोन सांगी, हातभर इकडे? तो तं गवतवर पाय ठेवत नही." मग माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तुले दाखाडू का?"

तिनं मला दाखवलं. पण मी कॉलेजातली मुलगी, उद्या कुठे लग्न होऊन जाईन, मला काय माहीत. एकटीला ठाऊक असून भागणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते, उधन्याच्या, कडोदऱ्याच्या, आपल्या सगळ्यांना. जा. तिला भेटा. नाव नाही सांगितलं तरी सापडेल, कामरेजच्या पुढे मंडप बांधायच्या सकाळी जिथे एक हडकुळी बाई चप्पल काढून उभी दिसेल ना, तीच. पागल माय म्हणून हाक मारू नका. चंचलनी माय म्हणा, हळू, शेठच्या माणसांना ऐकू जाणार नाही असं. ती बघेल तुमच्याकडे, आणि वाटलं तर दाखवेल कुठे पाय ठेवायचा नाही ते. पण लवकर जा. तुळशीचं लग्न झालं की टेम्पो येईल.